प्लॅटिनमच्या पत्र्याचं खरं क्षेत्रफळ

प्लॅटिनम बघायला आलेल्या प्रत्येकाची निराशा व्हायची. शिरूरच्या आमच्या कॉलेजात बातमी पसरली होती की रसायनशास्त्राच्या बाईंकडे प्लॅटिनम आहे, आणि मग कुणी ना कुणी काहीतरी निमित्त काढून प्रयोगशाळेत डोकावायचं. मराठीचे सर आले, ऑफिसातले हेडक्लार्क आले, प्राचार्यसुद्धा एकदा येऊन गेले. मी काचेच्या नळीच्या टोकाला अडकवलेला तो नखाएवढा पत्रा दाखवायची. "एवढाच?" म्हणून माणूस परत जायचा. हेडक्लार्क तर म्हणाले, "बाई, हे डब्याच्या झाकणातनं कापून काढल्यासारखं दिसतंय." मला राग यायचा. तेव्हा मला राग फार लवकर यायचा, आता थोडा उशिरा येतो.

पत्रा माझा नव्हता. माझे मार्गदर्शक पुण्याचे होते. त्यांच्या विभागात संगणकावर चालणारं नवं यंत्र आलं, म्हणून जुना पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे विजेचा दाब हवा तसा कमीजास्त करणारं यंत्र, आणि त्याला जोडलेला, पेनानं कागदावर आलेख काढणारा रेकॉर्डर त्यांनी आमच्या कॉलेजला दिला होता. पत्राही त्यांचाच. माझं पीएच.डी.चं काम त्याच पत्र्यावर व्हायचं होतं. मिथेनॉलसारखे पदार्थ प्लॅटिनमवर किती वेगानं जळतात आणि त्यातून किती वीज निघते, एवढं शोधायचं. हे आकडे नेहमी दर चौरस सेंटीमीटरला सांगायचे असतात, आणि तिथेच सगळी मेख होती.

पट्टीनं मोजलं तर पत्रा एक सेंटीमीटर लांब, एक सेंटीमीटर रुंद, दोन बाजू. शाळेतलं पोरही हिशोब करील. पण प्लॅटिनमचा पृष्ठभाग दिसतो तसा सपाट नसतो. त्यात डोळ्याला न दिसणारे खळगे, उंचवटे, भेगा असतात. खरं क्षेत्रफळ पट्टीच्या क्षेत्रफळापेक्षा बरंच जास्त भरतं, आणि ते काम सुरू करण्याआधी दर वेळी मोजून घ्यावं लागतं. पुण्याच्या सरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "आधी मला या पत्र्याचं खरं क्षेत्रफळ द्या. एकदा नाही, पुन्हा पुन्हा तेच आलं पाहिजे. सेंटीमीटरच खोटा असेल तर पुढचा सगळा प्रबंध खोटा." माणूस सौम्य बोलायचा, पण बोलला की त्यात बदल नसायचा. माझ्या नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती. आता काम झालं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा पहिल्यापासून काही करावं असं माझं वय राहिलं नव्हतं.

दौंडच्या घरात आम्ही दोघीच राहत होतो, अम्मा आणि मी. अब्बा रेल्वेत होते, ते बऱ्याच आधी गेले. भाऊ नोकरीनिमित्त लांब, ईदेला यायचा. घरात दखनी आणि मराठीची सरमिसळ चालायची, पण अम्मा मूळची वरवंडची. तिचे भाऊ शेतकऱ्यांकडून झेंडू, शेवंती घेऊन पुण्याच्या बाजारात पाठवायचे. तिचं बोलणं तिथलंच राहिलं होतं, आणि रागावली की तर निव्वळ मराठी.

क्षेत्रफळाचं प्रकरण मी तिला एकदा समजावून सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी उताऱ्यावरचा एकर आन् नांगारल्याला एकर. ढेकळं धरून मोजलं तर रान जास्त भरतंया, आसंच न्हवं?" मी म्हटलं, अगदी तसंच. तेव्हापासून संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत तिचा प्रश्न यायचा, "आज भरलं का माप?" आणि मी म्हणायची, "नाही भरलं." तिला वाईट वाटायचं. जणू कुणी तिच्या लेकीचं रान दाबून बसलंय.

अम्माला दमा होता. थंडीत आमच्याकडे गुऱ्हाळं सुरू झाली की पाचटाचा धूर गावावर बसून राहायचा आणि तिची छाती वाजायला लागायची. डॉक्टरांनी तोंडातून ओढायचा पंप दिला होता, तो ती घ्यायची, पण तिचा विश्वास होता तो तेलावर. खोबरेल कोमट करायचं, त्यात कापराच्या वड्या विरघळवायच्या आणि ते छातीला आणि पाठीला चोळायचं. छातीपर्यंत तिचा हात पोचायचा. पाठ माझ्याकडे. रोज सकाळी बसला निघायच्या आधी ती पलंगाच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसायची आणि मी मागे बसून खालून वर चोळत जायची. तेलानं दमा जात नाही हे मला कळत होतं, मी काही उगाच रसायनशास्त्र शिकवत नव्हते. पण चोळता चोळता तिचा श्वास लांब व्हायचा. तेलामुळे की हातामुळे, ते मी कधी शोधायला गेले नाही.

मग हात धुऊन, साडी नेसून मी शिरूरची एसटी पकडायची. पाटस, वरवंड, चौफुला, न्हावरा. नदीवरचा पूल गेला की मी डब्यातली पोळी खाऊन घ्यायची आणि दिवसाच्या कामाचा विचार सुरू करायची.

काम असं होतं. पत्रा बर्नरच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायचा, म्हणजे त्याच्यावर जे काही बसलंय ते जळून जातं. मग पातळ सल्फ्युरिक ॲसिडात सोडायचा. ॲसिडातून आधी नायट्रोजनचे बुडबुडे सोडून हवा हाकलून दिलेली असते. मग विजेचा दाब हळूहळू खाली न्यायचा आणि हळूहळू वर आणायचा. खाली जाताना ॲसिडातले हायड्रोजनचे अणू प्लॅटिनमवर येऊन बसतात, प्लॅटिनमच्या एका अणूवर हायड्रोजनचा एक अणू, आणि वर येताना उठून जातात. बसायला आणि उठायला लागलेली वीज रेकॉर्डर कागदावर काढत जातो. तिथे दोन टेकड्या उमटतात. त्या टेकड्यांमध्ये किती वीज भरली हे कळलं की किती अणू बसले ते कळतं, आणि किती बसले ते कळलं की जागा किती ते कळतं. इतकं सरळ आणि इतकं सुंदर माप मी दुसरं पाहिलेलं नाही, हे आजही म्हणते.

आता टेकडीचं क्षेत्रफळ कसं काढायचं? पुण्याचं नवं यंत्र ते स्वतःच सांगायचं. आम्ही कात्री वापरायचो. आलेखाच्या कागदावरच्या टेकड्या रेघेवरून कापून घ्यायच्या आणि काट्यावर ठेवून वजन करायचं. त्याच कागदाचा मापाचा एक चौकोन कापून त्याचंही वजन करायचं, आणि त्रैराशिक मांडायचं. कात्री थरथरली की माप चुकलं. प्रयोगशाळेतले मामा, आमचे जुने शिपाई, मला तासन्‌तास कागद कापताना बघायचे. एकदा न राहवून म्हणाले, "बाई, गणपतीचं मखर करताय जनू." मी हसले नाही. नंतर बसमध्ये हसले.

पण टेकड्या टिकत नव्हत्या. पहिली फेरी बरी यायची, दुसरी थोडी खाली, आणि चार-पाच फेऱ्यांत टेकड्या अशा बसायच्या की कापायला काही उरायचं नाही. याचा अर्थ एकच होता. दुसरं काहीतरी येऊन प्लॅटिनमवर बसत होतं आणि हायड्रोजनची जागा अडवत होतं. प्लॅटिनमचं हेच दुखणं आहे. ते कशालाही धरून ठेवतं. बोटाचा घाम, नळीचं ग्रीस, हवेतला धूर, काहीही.

मी चोर शोधायला लागले. पाण्यावर संशय घेतला, ते परमँगनेट घालून पुन्हा डिस्टिल केलं. काचेवर संशय घेतला, सगळी भांडी क्रोमिक ॲसिडात बुडवून ठेवली. सांध्यांचं ग्रीस पुसून काढलं. नायट्रोजनच्या सिलिंडरवर आळ घेतला आणि एजन्सीच्या माणसाशी फोनवर भांडले. तो बिचारा म्हणाला, मॅडम, हाच गॅस कुरकुंभच्या कंपन्यांना जातो, कुणाची तक्रार नाही. मामांना खिडकीखाली बिडी ओढायला बंदी केली. ते महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. टेकड्या बसत राहिल्या.

मग एका हिवाळ्याच्या अखेरीस अम्मा वरवंडला गेली. भाचीचं लग्न होतं आणि तिच्या भावजयीला हाताशी कुणीतरी हवं होतं, म्हणून लग्नाआधीच गेली आणि लग्नानंतरही राहिली. तिथे तिची पाठ चोळायला घर भरून पोरीबाळी होत्या. मी लग्नापुरती जाऊन आले आणि कामाला लागले. आणि टेकड्या उभ्या राहिल्या.

पहिली फेरी, पाचवी फेरी, दहावी फेरी. पेन त्याच रेघेवरून जात होतं. मी कापल्या, वजन केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढल्या, पुन्हा वजन केलं. तेच. मी नुकतीच ॲसिडची नवी बाटली फोडली होती, म्हणजे जुनी बाटली हाच चोर, असा माझा निष्कर्ष झाला. एसटीडी बूथवरून सरांना फोन केला. ते खूश झाले, पण त्यांच्या पद्धतीनं. म्हणाले, "छान. पुढच्या महिन्यात मी येतो. माझ्यासमोर एकदा काढा, मग पुढचं काम बिनधास्त सुरू करा." जुन्या बाटलीवरचा राग मी ती रिकामी करून काढला. मामांना पुन्हा बिडीची परवानगी दिली.

सर यायच्या आदल्या आठवड्यात अम्मा परत आली. मी संध्याकाळी दार उघडलं आणि घरात कापराचा वास आला. वर्षानुवर्षं मी त्या वासात राहत होते, पण तो मला कधी आलाच नव्हता. मध्ये खंड पडला म्हणून नाकाला कळला. मला तो आवडला, घर भरल्यासारखं वाटलं, आणि मी पुढे काही विचार केला नाही. अम्मानं विचारलं, "भरलं का माप?" मी म्हटलं, "भरलं." तिनं दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलांवर मोडली.

सर आले त्या दिवशी मी सगळं जसंच्या तसं केलं. तेच ॲसिड, तेच पाणी, तीच काच. पहिली फेरी चांगली आली. सर मान हलवत होते. तिसऱ्या फेरीला टेकडी खचली. पाचव्या फेरीला त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला, परत लावला. मी पत्रा काढून पुन्हा तापवला, पुन्हा सोडला, पुन्हा तेच. मला रडू येत होतं आणि ते दाबण्यासाठी मी नायट्रोजनच्या एजन्सीला नावं ठेवत होते. सर म्हणाले, "काहीतरी सेंद्रिय आहे. बाहेरून येतंय, आणि आज येतंय, महिन्यापूर्वी येत नव्हतं. महिन्याभरात काय बदललं ते बघा. मुदत संपायला आली आहे, हे मी सांगायला नको."

परतीच्या बसमध्ये गर्दी होती आणि डिझेलचा भपका येत होता. मी पदर नाकाला लावला. पदराला कापराचा वास होता. बस न्हावऱ्याच्या पुढे गेली होती. मी पदर तसाच धरून बसले आणि सगळं एका क्षणात लख्ख कळलं. चोर माझ्या हातांवर होता, केसांत होता, साडीत होता. मीच रोज त्याला डब्याबरोबर शिरूरला घेऊन जात होते. कापूर प्लॅटिनमवर बसतो, घट्ट बसतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं होतं. नुसतं शिकवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी खात्री करून घेतली. त्या सकाळी पाठ चोळून झाल्यावर डोक्यावरून आंघोळ केली, पेटीतली ठेवणीतली साडी नेसले. टेकड्या बऱ्यापैकी उभ्या राहिल्या. मग कापराची अर्धी वडी ॲसिडाच्या भांड्याशेजारी नुसती ठेवली. आत घातली नाही, फक्त शेजारी. पेन चालत राहिलं आणि टेकड्या माझ्या डोळ्यांसमोर खाली आल्या. हे शास्त्र म्हणून किती देखणं होतं हे मला दिसत होतं, आणि मला त्याचा आनंद झाला नाही.

मग मी युक्त्या लढवायला लागले. कॉलेजात वेगळी साडी ठेवली. रबरी हातमोजे आणले, तर त्यांच्यावरची पावडर आणखी वेगळा घोळ घालायची. रोज डोक्यावरून न्हायला लागले, सर्दी झाली. क्षेत्रफळ एक दिवस जवळ यायचं, एक दिवस लांब जायचं. पुन्हा पुन्हा तेच येत नव्हतं, आणि सरांना तेच हवं होतं. शेजारच्या खालांना पाठ चोळायला बोलावून पाहिलं, त्या दोन दिवस आल्या. अम्मा तिसऱ्या दिवशी म्हणाली, त्या जोरात चोळतात आणि सुनेच्या कागाळ्या सांगत बसतात, मी श्वास घेऊ का ऐकू.

शेवटी मी नुसतं खोबरेल कोमट केलं, कापूर घातलाच नाही. बाटली तीच, हात तोच. पहिल्याच हाताला अम्मा म्हणाली, "ह्यात कापूर न्हाई."

मी म्हटलं, संपलाय.

"डबा भरल्याला हाय. म्या काल बगितला." ती वळून माझ्याकडे बघायला लागली. "तुज्या त्या मापात माजं तेल शिरलंय का?"

खोटं बोलायला मी तोंड उघडलं होतं, पण ती माझी आई होती. तिनं पोलकं खाली ओढलं आणि म्हणाली, "बरं वाटतंय मला. जा तू, बस चुकंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली जागेवर नव्हती. अम्मा पलंगाच्या कडेला नेहमीसारखी गुडघ्यांवर हात टेकून बसली होती. छातीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता, आणि ती म्हणत होती की आज अगदी हलकं वाटतंय. मी घर धुंडाळलं. बाटली ज्वारीच्या डब्यात, दाण्यांत पुरून ठेवलेली सापडली. मला इतका संताप आला की मी ती तिच्यासमोर आदळूनच ठेवली.

"ही लपवायची काय गरज होती?"

"तुजी मुदत सरंल."

"सरू दे. माप पुढच्या वर्षी घेता येईल."

"आन् म्या काय कुटं पळून चाललेय व्हय?" ती म्हणाली. "आधी माप हू दे. मग वर्सभर चोळ माजी पाठ."

आम्ही दोघीही हट्टी. ती पोलकं वर करेना, मी तिथून हलेना. पाटसकडे जाणारी बस गेल्याचा आवाज मला आला. तिला बोलायला श्वास पुरत नव्हता, म्हणून ती हातानंच जा जा करत होती. शेवटी मी तिच्यामागे बसले, तेल तळहातावर ओतलं आणि तिच्या परवानगीची वाट न बघता पोलक्याच्या आतून हात घातला. ती थोडा वेळ खांदे ताठ धरून बसली. मग खांदे सैल पडले. ती रडत होती हे मला पाठीवरून कळलं. मीही रडत होते, पण मी मागे होते.

त्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. बूथवरून सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. चोर कोण ते, आणि तो मला हाकलता येणार नाही, हे. मला वाटलं होतं, ते काहीतरी उपाय सुचवतील. कुणा विद्यार्थ्याकडून माप घ्या, पुण्यात येऊन राहा. बूथवरचे बिलाचे आकडे पुढे पळत होते. मग सर म्हणाले, "मुदतीचं मी बघतो, लिहितो वर. तुम्ही थांबा. पत्रा तुमच्याकडेच राहू दे." आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाले, "आईंना सांगा, कापूर अगदी बरोबर जागी बसतो." हे मी अम्माला सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण पुण्याच्या साहेबांनी आपल्यासाठी निरोप दिला, याचं तिला अप्रूप वाटलं.

संध्याकाळी ती माप भरलं का हे विचारेनाशी झाली. मीही काही सांगत नव्हते. पत्रा काचेच्या पेटीत बंद होता, मी तास घेत होते, पेपर तपासत होते. त्या काळात मला प्रबंधाचं दुःख नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. सोबतचे लोक डॉक्टर होऊन नावाच्या पाट्या बदलत होते आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. पण सकाळी तिच्या पाठीवर हात ठेवला की तो हेवा तेवढ्यापुरता नाहीसा व्हायचा. मला दोन्ही गोष्टी वाटत होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या.

ती पुढच्या थंडीत गेली. दमा नव्हे, हृदय, असं डॉक्टर म्हणाले. दुपारी जेवून पडली होती. मी घरीच होते, रविवार होता. हाक मारली, ओ दिली नाही.

आमच्यात बाईला शेवटची आंघोळ बायकाच घालतात. शेजारच्या खाला आल्या, वरवंडहून मामी आली, मी होतेच. शेवटच्या पाण्यात कापूर घालायची रीत आहे. खालांनी विचारलं, कापूर आहे का घरात. मी डबा आणून दिला. त्यांनी वड्या कुस्करून पाण्यात घातल्या आणि मला म्हणाल्या, "पाठीवर तू घाल." मामीनं आणि खालांनी तिला कुशीवर धरलं. मी खालून वर हात फिरवत पाणी घातलं, रोजच्यासारखं. तिचे खांदे सैल होते.

कापूर उघडा राहिला की उडून जातो, मागे काही ठेवत नाही. घरातला वासही तसाच गेला. आधी कपाटातून, मग पलंगावरच्या गोधडीतून, मग माझ्या साड्यांतून. मी तो जाताना रोज बघत होते. एके दिवशी दार उघडलं तर घराला कसलाच वास नव्हता.

कॉलेजात मी पत्रा बाहेर काढला तो दुसरं काही सुचेना म्हणून. ज्योतीत लाल केला, ॲसिडात सोडला, पेन कागदावर टेकवलं. पहिली फेरी चांगली आली. मला माहीत होतं, पहिली चांगलीच येते. दुसरी तिच्यावरून गेली, तिसरी गेली. मी वाट बघत होते की आता टेकडी खचेल. पाचवीला खचेल, दहावीला खचेल. कागद संपत आला तरी मी यंत्र बंद केलं नाही. एवढी वर्षं जो आलेख हवा होता तो समोर होता आणि मला तो नको होता. मामांनी येऊन दिवे लावले, माझ्याकडे बघितलं आणि गेले.

मी तो कागद कापला नाही. गुंडाळी करून पुण्याला घेऊन गेले. घरचं मी सरांना काहीच कळवलं नव्हतं, जमलंच नव्हतं. त्यांच्या खोलीत गेले, गुंडाळी टेबलावर ठेवली आणि बसले. त्यांनी चष्मा लावून कागद उलगडला, खिडकीकडे धरला, पहिल्या फेरीवर बोट ठेवलं आणि शेवटच्या फेरीपर्यंत नेलं. रेघा एकमेकींवर अशा बसल्या होत्या की वेगळ्या करता येत नव्हत्या. "वा," ते म्हणाले आणि हसले. मग पुन्हा एकदा बघितलं. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि पालथा केला.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"मागच्या महिन्यात," मी म्हणाले.

ते उठले, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी पेल्यात ओतून माझ्यापुढे ठेवलं, आणि त्या दिवशी क्षेत्रफळाबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.